मुलीला थिअरेटिकल फिजिक्स करायचंय. हे लोक नक्की करतात काय, आणि पोट भरतं का?

सुपारीबाग
नमस्कार मंडळी. आम्ही दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. घरची नारळ-सुपारीची वाडी आणि छोटं होमस्टे. मुलगी आता बारावीत गेली. गणित आणि फिजिक्स म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि गेले वर्षभर एकच धोशा लावलाय, मला थिअरेटिकल फिजिसिस्ट व्हायचंय. इंजिनीअरिंग नको, मेडिकल नको, सीईटी फक्त तुम्ही म्हणताय म्हणून देईन म्हणते.

तिच्या बाबांचं म्हणणं, शिकू दे काय शिकायचं ते. सासूबाई म्हणतात म्हणजे शेवटी मास्तरीणच ना, मग सरळ बीएड कर. माझा भाऊ मुंबईत असतो, त्याने फोनवर सांगितलं की या लायनीत चाळिशीपर्यंत धड नोकरी लागत नाही, पोरीच्या आयुष्याचं वाटोळं करू नका. माझं स्वतःचं शास्त्र बारावीपर्यंतच, त्यामुळे ती सांगते त्यातलं अर्धंच कळतं. डॉक्टर दिवसभर काय करतो ते माहितीये, इंजिनीअर काय करतो तेही माहितीये. हा माणूस सकाळी उठून करतो काय? प्रयोगशाळा नाही म्हणते, दुर्बीण नाही म्हणते. मग त्याला पगार कोण देतं आणि कशाचा देतं? आणि आपल्यासारख्या गावातल्या मुलीला तिथवर पोचायची वाट कुठून आहे? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज. गोड गोड नको, खरं काय ते सांगा.

नाखवा
ताई विषय झकास काढलात. जाणकार येईपर्यंत मी पुढच्या रांगेत जागा धरून बसतो. पोरीला हर्णै बंदरावरून शुभेच्छा.

खाडीपलीकडे
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आधी इंजिनीअरिंग करू द्या. चार वर्षांत हातात डिग्री येते, नोकरी लागली तर लागली, नाही तर नंतर फिजिक्सकडे वळता येतंच की, बीटेक करून फिजिक्समध्ये पीएचडीला गेलेले कितीतरी आहेत. उलटा रस्ता अवघड. साध्या बीएस्सी फिजिक्सवाल्याला कंपन्या विचारत नाहीत. त्यात वाडीचं उत्पन्न म्हणजे वाऱ्यापावसावर, २०२० च्या निसर्ग वादळात माड-पोफळी कशा आडव्या झाल्या ते मुरुडकरांना मी काय सांगणार. अशा घराने एवढी जोखीम का घ्यावी?

डेल्टा_एक्स
मी मूळचा चिपळूणचा, सध्या बंगळुरूत थिअरीमध्ये पीएचडी करतोय. ताई, तुमचा पहिला प्रश्न मला आवडला कारण माझ्या आईलाही अजून तोच पडतो, म्हणून जरा लांबण लावतो.

सकाळी चहाबरोबर पहिलं काम म्हणजे अर्काइव्ह (arXiv) ही वेबसाइट उघडायची. पॉल गिन्सपार्ग या फिजिसिस्टने १९९१ मध्ये ही सोय सुरू केली, जगभरचे लोक आपला पेपर जर्नलमध्ये छापून यायच्या आधी तिथे टाकतात आणि कुणालाही फुकट वाचता येतो. काल आपल्या विषयात कोणी काय केलं ते बघायचं. कधी कधी आपण महिनोन्महिने घासत असलेलं गणित दुसऱ्या कोणीतरी आधीच टाकलेलं दिसतं, त्या दिवशी जेवण जात नाही. मग वही आणि पेन. खरंच, मुख्य हत्यार तेच. फळा, खडू, आणि फार लांबड लागली तर मॅथेमॅटिकासारखं सॉफ्टवेअर.

प्रश्न कसा असतो ते सांगतो. समजा एक कण दुसऱ्यावर आपटला तर तिसरा तयार होण्याची शक्यता किती. समीकरण लिहायला पाच मिनिटं, सोडवायला पन्नास पानं. मग माझं उत्तर आणि माझ्या गाईडचं उत्तर, दोघांनी एकमेकांचं न बघता काढलेलं, शेजारी ठेवायचं. फक्त २ पटीचा फरक असतो. कुठेतरी एक ऋण चिन्ह निसटलेलं असतं किंवा टकरीची एकच आकृती दोनदा मोजलेली असते, आणि तो २ शोधायला वहीची मागची सगळी पानं उलटी चाळावी लागतात. मग तपासण्या. कणाचं वस्तुमान शून्य धरलं तर जुनं, सगळ्यांना माहिती असलेलं उत्तर परत मिळतं का? डाव्या बाजूची एककं उजवीकडे जुळतात का? नाही जुळली तर पुन्हा पहिल्यापासून. लोकांना वाटतं हे लोक डोळे मिटून विचार करत बसतात. निम्म्याहून जास्त वेळ हिशेब तपासण्यात जातो.

एकटेपणाही वाटतो तेवढा नाही. दुपारी सेमिनार असतो, तिथे बोलणाऱ्याला मध्येच अडवून प्रश्न विचारणं हीच रीत आहे. पेपर बहुतेक वेळा दोघाचौघांचा मिळून असतो, आणि हाय एनर्जी थिअरीत, म्हणजे मूलभूत कणांच्या थिअरीत, नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात, सीनिअर-ज्युनिअर भानगड नाही.

पैशाचं: पीएचडीला फी भरत बसावी लागत नाही, उलट पैसे मिळतात. जेआरएफ (सरकारची संशोधन फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी सीनिअर झालं की ४२,०००, वर घरभाडं. घरी पैसे मागावे लागत नाहीत एवढं नक्की.

नाखवा
३७ हजार, आणि ते वहीत गणितं करायचे? आमच्या गणिताच्या सरांनी हे आधी सांगितलं असतं तर आख्खा वर्ग पहिल्या बाकावर बसला असता.

देवगडी
चेडवाक जावंदेत ओ ताईनू. आमच्या वाडयेतलो जो तो इंजिनेर होवन पुण्याक गेलो, एक तरी फिजिक्सवाली होवंदे.

आणि कोकणाचा फिजिक्सशी काय संबंध असं कोणी म्हणत असेल तर त्याला आमच्या विजयदुर्गावर आणा. हेलियमचा शोध तिथे लागलाय. १८६८ च्या ग्रहणात साहेबाने किल्ल्यावर दुर्बीण लावली होती, ते साहेबाचे कट्टे अजून आहेत. दर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो.

पडवी
देवगडी, कट्टे खरे आणि साहेबही खरा, पण साल वेगळं. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, रत्नागिरीला असतो, किल्ल्यावर मुलांच्या सहली नेल्यात म्हणून हे जरा नीट सांगतो.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं ते बरोबर. त्या दिवशी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन आंध्रात गुंटूरला होते, आणि सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाशाचे रंग वेगळे केले की दिसणारा पट्टा) त्यांनी बघितला. तुमचा साहेब, म्हणजे नॉर्मन लॉकयर, तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाच ज्वाळांचा वर्णपट मिळवला आणि त्यातली पिवळी रेघ सोडियमच्या रेघेशी जुळत नाही हे पकडलं. तेच पुढे हेलियम. पृथ्वीवर तो रॅमसे यांना १८९५ मध्ये सापडला. लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, मोठा लवाजमा घेऊन. कट्टे त्या मुक्कामाचे.

आता हे या धाग्यात का, तर सुपारीबाग ताईंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वर्णपटात रेघा दिसल्या, वह्या भरभरून नोंदी झाल्या. पण अमुक ताऱ्यात अमुक रेघ ठळक का आणि दुसऱ्यात पुसट का, हे पन्नास वर्षं कोणालाच धड सांगता येत नव्हतं. ते सांगितलं मेघनाद साहांनी, १९२० मध्ये, कागदावर. तापमान आणि दाब दिला की किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील याचं समीकरण त्यांनी मांडलं, आणि नुसत्या रेघा बघून ताऱ्याचं तापमान काढता यायला लागलं. दुर्बीण त्यांची नव्हती, रेघाही त्यांनी घेतलेल्या नव्हत्या. थिअरीवाला काय करतो? हे करतो.

आणि हे साहा कोण? ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. पुढची शाळा गावात नाही म्हणून दुसऱ्या गावी एका डॉक्टरांच्या घरी राहिले, त्या बदल्यात घरची कामं करायची, गाईचं बघायचं. पुढे ढाक्याला सरकारी शाळेत गेले तर १९०५ च्या वंगभंगाच्या चळवळीत गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार घातला म्हणून शाळेने काढून टाकलं, दुसऱ्या शाळेतून शिकले. तेव्हा ताई, गावाची काळजी सोडा. मुरुडहून दापोलीला एसटी तरी आहे.

देवगडी
गुरुजी, १८९८ तर १८९८, किल्लो आमचोच! मे महिन्यात या सगळे, कट्टे दाखवतो आणि हापूस खायला घालतो.

केवडा
सिंधुदुर्गात कॉलेजला फिजिक्स शिकवते. साहा, चंद्रशेखर, बोस ही नावं निघणारच, पण एका मुलीच्या आईने विचारलंय तर मला रोहिणी गोडबोल्यांबद्दल लिहायचंय. पुरुषांच्या गोष्टी सांगून मुलींना "तूही होशील" म्हणणं मला पुरेसं वाटत नाही.

जन्म १९५२, पुणे. मराठी घर, मुलींच्या शाळेत शिक्षण, मग एसपी कॉलेज, आयआयटी मुंबईतून १९७४ ला एमएस्सी, आणि १९७९ ला अमेरिकेत स्टोनी ब्रुकला पार्टिकल फिजिक्समध्ये पीएचडी. त्या काळात पुष्कळ जण तिकडेच राहत. त्या परत आल्या. आधी टीआयएफआर (मुंबईतली मूलभूत संशोधनाची संस्था), मग १९८२ पासून १९९५ पर्यंत मुंबई विद्यापीठात शिकवलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण विद्यापीठात तासांचा, पेपर तपासायचा भार काय असतो ते मला माहितीये. तो सांभाळून त्यांनी जागतिक दर्जाचं संशोधन केलं. मग बंगळुरूला आयआयएस्सी ही विज्ञान संस्था, शेवटपर्यंत. पद्मश्री २०१९ ला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात गेल्या.

त्यांचं एक काम सांगते, म्हणजे वहीतल्या गणिताला कोणी का विचारतं ते कळेल. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे (इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जुळा कण) झोत समोरासमोर आणून आपटवणारी मोठी यंत्रं बांधायचा विचार चालू होता. टकरी जास्त हव्यात म्हणून झोत अगदी बारीक आणि दाट करायचा. पण इतका दाट झोत दुसऱ्या झोताजवळून गेला की कण वाकतात आणि वाकताना प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, बाहेर फेकतात. आपल्याला वाटतं फोटॉन म्हणजे नुसता प्रकाश, त्याने काय होणार. गोडबोले आणि त्यांचे सहकारी मानुएल ड्रीस यांनी १९९१ मध्ये दाखवलं की हे फोटॉन एकमेकांवर आदळताना क्वार्क आणि ग्लुऑनने (प्रोटॉनच्या आत असतात ते कण) भरलेले असल्यासारखे वागतात, आणि त्यातून कणांचा इतका कचरा उडू शकतो की ज्यासाठी यंत्र बांधलं ती टक्कर त्यात शोधणं मुश्कील. यंत्राचा आराखडा कसा आहे त्यावर कचरा किती ते ठरतं. त्यानंतर असं यंत्र आखणाऱ्यांना हा हिशेब टाळता आला नाही. यंत्र उभं राहायच्या आधी, कागदावर.

नाखवा
मॅडम हे समजलं! दोन लाँचा जोरात जवळून गेल्या की टक्कर न होता पण पाणी उडून सगळे भिजतात, तसंच ना?

केवडा
अगदी तसंच. आणि भिजणार किती ते लाँच बांधायच्या आधी सांगायचं.

अजून एक, गोडबोल्यांनी राम रामस्वामींबरोबर २००८ मध्ये 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं. भारतातल्या शंभरेक स्त्री शास्त्रज्ञांच्या गोष्टी, बऱ्याचशा त्यांनी स्वतःच लिहिलेल्या. ताई, ते मुलीला द्या आणि तुम्हीही वाचा. लग्न, बदली, मूल, दोघांच्या नोकऱ्या दोन शहरांत, सगळं त्यात आहे.

परतलेला_चाकरमानी
कोणीतरी दुसरी बाजू लिहायला हवी. मी थिअरीत पीएचडी केली, परदेशात दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या) केले, आता पुण्यात बँकांसाठी जोखीम मोजायची मॉडेलं बनवतो. गाव गुहागर तालुक्यात.

ताईंच्या भावाचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. हिशेब मांडा: बारावीनंतर पाच वर्षं बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र), मग पाच-सहा वर्षं पीएचडी, मग पोस्टडॉक दोन-दोन किंवा तीन-तीन वर्षांचे, देश बदलत. पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी उलटून बरीच पुढे जाते. एकदा आयसरसारख्या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत असिस्टंट प्रोफेसर झालात की मूळ पगारच १,०१,५०० पासून, तिथे काही तक्रार नाही. पण जागा थोड्या, आणि एका जागेसाठी जगभरातून परतू पाहणारे हुशार लोक रांगेत. डेल्टा म्हणतोय ते स्टायपेंडचं खरं आहे, पण ते वेळेवर येईलच असं नाही. आमच्या संस्थेत कित्येक महिने आलं नव्हतं, मेसचं बिल मित्राने भरलं होतं.

आणि लग्नाचं. बायको रत्नागिरीत नोकरीला, मी दुसऱ्या खंडात. आई आजारी पडली तेव्हा तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत ती दवाखान्यातून घरी परतली होती. त्या वर्षी ठरवलं की बास.

तरीही मुलीला अडवू नका. मला त्या वर्षांबद्दल कडू वाटत नाही. जे शिकलो त्यावरच आज जेवतोय, बँकेने मला घेतलं ते पीएचडीमुळेच. फक्त तिला सुरुवातीलाच सांगा की प्रोफेसर होणं हा एक शेवट आहे, एकमेव नाही, आणि पहिल्या वर्षापासून कोडिंग नीट शिकून ठेव. खाडीपलीकडे यांना एवढंच सांगेन की इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा चार वर्षांनी फिजिक्सकडे वळतो हे कागदावर सोपं आहे. माझ्या वर्गातले तसं म्हणून गेलेले सगळे आज नोकरीत आहेत, एकही वळला नाही.

खाडीपलीकडे
नोकरीत आहेत म्हणजे सुखातच आहेत की! माझा मुद्दा तोच आहे. पण पोस्ट प्रामाणिक आहे, मान्य.

रातांबा
सगळं ठीक पण पत्रिका बघितली का मुलीची? विद्यायोग कसा आहे ते आधी कळलं तर एवढी चर्चाच नको. आमचे आगरातले काका अचूक सांगतात, नंबर हवा असेल तर मेसेज करा.

पडवी
रातांबा, फिजिक्सच्या धाग्यावर पत्रिका काढलीत तर जयंत नारळीकरांची आठवण होणारच. २००८ साली त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर पुण्यात याची रीतसर चाचणी घेतली होती. अभ्यासात हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, दोन्हींच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणून. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेली उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं तरी ५० च्या आसपास येतात.

नारळीकर निघालेच आहेत तर त्यांचंही आयुष्य बघा. जन्म कोल्हापूरचा १९३८, वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक. केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले. (हा मान मिळवणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९, आणि ते कुठले? मुर्डीचे! दापोली तालुका, सुपारीबाग ताई, तुमच्या शेजारचं गाव.) मग फ्रेड हॉयल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाकडे पीएचडी, १९६४ मध्ये गुरूबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण. १९७२ ला केंब्रिज सोडून टीआयएफआरला आले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, कुठल्याही विद्यापीठातल्या, अगदी छोट्या कॉलेजातल्या शिक्षकाला तिथे जाऊन काम करता यावं म्हणून. शिवाय मराठीत विज्ञानकथा. पहिली कथा स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, नावामुळे बक्षीस मिळायला नको म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळालं. मुलं सही मागायला आली की म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तरावर सही करून पाठवीन. मे २०२५ मध्ये गेले तेव्हा माझे पन्नाशीतले जुने विद्यार्थी फोन करत होते.

सुपारीबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगी शेजारी बसून वाचतेय. गोडबोल्यांचं काम वाचून तिने वहीत झोत काढून बाबांना समजावलं, बाबांनी नाखवांची लाँच वापरून मला समजावलं. मुर्डीचे परांजपे आम्हाला माहिती होते, पण आजपर्यंत नुसतं "मोठे शिकलेले" एवढंच.

तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत लिहिते: "नारळीकरांचा सिद्धांत चुकीचा ठरला असं मी वाचलं. मग आयुष्यभर केलेलं काम फुकट गेलं का? माझंही असं झालं तर?"

डेल्टा_एक्स
ताई, तुमची मुलगी बारावीत हा प्रश्न विचारतेय, हे फार चांगलं लक्षण आहे.

माझं मत थोडं कडक आहे. हॉयलचा, आणि नारळीकरांनी उचलून धरलेला, स्थिर विश्वाचा सिद्धांत असा की विश्वाला सुरुवात नाही, ते प्रसरण पावतं आणि मध्ये नवीन पदार्थ सतत तयार होत राहतो. १९६५ ला पेन्झियस आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारं मायक्रोवेव्ह प्रारण सापडलं, बिग बँग झाला असेल तर असायला हवं तसं. त्यानंतर बहुतेक लोक बिग बँगकडे गेले. नारळीकरांनी हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये सुधारलेली आवृत्ती मांडली, पण पुरावा एका बाजूला साचत गेला. मला वाटतं एवढ्या ताकदीच्या माणसाने आधीच वाट बदलली असती तर अजून मोठं काम झालं असतं.

पडवी
डेल्टा, इथे मी तुमच्याशी भांडणार. सगळेच एका बाजूला गेले तर त्या बाजूच्या चुका कोण काढणार? बिग बँगवाल्यांना आपले पुरावे घासूनपुसून मांडावे लागले ते समोर हॉयल-नारळीकर उभे होते म्हणून. आणि नारळीकरांनी प्रत्येक वेळी सांगितलं की आमचा सिद्धांत अमुक निरीक्षणाने तपासता येईल. लपवाछपवी नाही.

उलट उदाहरण चंद्रशेखरांचं. १९३० ला एकोणिसाव्या वर्षी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले, याच आपल्या अरबी समुद्रातून, आणि बोटीवर बसून गणित केलं की एका मर्यादेपेक्षा (आज ती सूर्याच्या साधारण १.४ पट धरतात) जड श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, टिकूच शकत नाही. १९३५ ला लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या दिग्गजाने ते हसण्यावारी नेलं. चंद्रशेखर बरोबर होते, पण तो विषय बाजूला ठेवून दुसरीकडे वळले. नोबेल १९८३ ला. म्हणजे बरोबर असूनही किती वाट बघावी लागते ते बघा.

केवडा
दोघांचंही वाचलं. मला वाटतं मुलीच्या प्रश्नाचं उत्तर परत गोडबोल्यांकडेच आहे. त्यांनी किती वर्षं सुपरसिमेट्रीवर (प्रत्येक कणाला एक अजून न दिसलेला जोडीदार कण असतो ही कल्पना) काम केलं, त्यावर २००४ मध्ये ड्रीस आणि प्रोबीर रॉय यांच्याबरोबर जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत २०१२ ला हिग्ज हा कण सापडला, पण सुपरसिमेट्रीचे कण अजून सापडलेले नाहीत. मग काम फुकट? कण असलाच तर यंत्रात कसा दिसेल, कुठल्या खुणा सोडेल, हे कोणीतरी आधी काढून ठेवलं नसतं तर "नाही सापडला" हे तरी कशावरून म्हणणार होतो? शोधून नाही मिळालं, हे म्हणायलाही आधी नीट गणित लागतं. पोरीला सांगा, उत्तर चुकीचं निघण्याची भीती सगळ्यांनाच असते. हिशेब कच्चा राहणार नाही तेवढं बघायचं.

परतलेला_चाकरमानी
केवडाताईंशी सहमत, फक्त एक व्यवहाराची जोड. मोठं नाव झालेल्याला उलट्या प्रवाहात पोहता येतं. पीएचडीच्या पोराला नाही, कारण पुढची नोकरी देणारे प्रवाहातच असतात. माझा विषय मी सुरू केला तेव्हा गरम होता, संपवला तेव्हा थंड. गाईड निवडताना त्यांचे आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत हे बघायला सांगा. संस्थेच्या नावापेक्षा ते महत्त्वाचं.

रातांबा
पडवी गुरुजी, ४६ टक्क्यांचं वाचलं. काकांना विचारते त्यांचं काय म्हणणं. पण मुलगी गुणी आहे हे पत्रिका न बघताही सांगते हो मी.

सुपारीबाग
आता शेवटचं आणि कामाचं. ठरलं आमचं, सीईटी देईल पण प्रयत्न शुद्ध विज्ञानाचाच. कुठली परीक्षा, काय करायचं? इथे क्लास नाहीत, चिपळूण-रत्नागिरीला रोज जाणं शक्य नाही.

डेल्टा_एक्स
दोन परीक्षा मुख्य. आयएटी, ही आयसरची. पुणे, मोहाली, कोलकाता, भोपाळ, तिरुअनंतपुरम, तिरुपती, बेरहामपूर अशी सात आयसर आहेत, बंगळुरूच्या आयआयएस्सीचा बीएस कोर्सही हे मार्क घेतो. दुसरी नेस्ट, भुवनेश्वरची नायझर आणि मुंबईत कलिना कॅम्पसमधलं सीईबीएस या दोन विज्ञान संस्थांसाठी. दोन्हींचे फॉर्म वेळेत भरा, तारखा वेबसाइटवर स्वतः बघा, व्हॉट्सॅपवर विसंबू नका.

क्लासची गरज नाही. एनसीईआरटीची पुस्तकं ओळन् ओळ, आणि जुने पेपर घड्याळ लावून. आणि बोर्डाचे मार्क सोडू नका. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि शुद्ध विज्ञानाला गेली तर इन्स्पायर स्कॉलरशिपला अर्ज करता येतो, वर्षाला ८०,००० ची आहे.

एक महत्त्वाचं: आयएटीत गेली काही वर्षं ६० प्रश्न असतात, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो प्रत्येकी १५. बायो आहे का तिला?

सुपारीबाग
नाही हो! अकरावीलाच बायो सोडून आयटी घेतलं.

केवडा
घाबरू नका. बाकी तीन विषय पक्के असतील तर बायोचे सोपे प्रश्न उचलले तरी चालतं. अकरावीचं एनसीईआरटी बायो आधी, त्यात पेशी आणि वनस्पतींचे धडे, मग बारावीचं अनुवंशशास्त्र. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरेत. अडलं तर मला मेसेज कर म्हणावं, रविवारी मोकळी असते.

खाडीपलीकडे
माझं मत बदललेलं नाही, पण माझ्या भाच्याने यंदा मेडिकलची नीट परीक्षा दिली, त्याची दोन्ही वर्षांची बायोची एनसीईआरटी पुस्तकं आणि नोट्स घरी पडून आहेत. दापोलीला त्याचं घर आहे, स्टँडपासून चालत. देऊ का?

सुपारीबाग
द्या हो दादा, लागतीलच. शनिवारी आठवडी सामानाला दापोलीला येतो आम्ही दोघी, पत्ता मेसेज करा.